पहिली मजुरी आणि तोडलेली मदत

अमेरिकेतील सत्ताधारी वर्गाने तेथील गरीब कुटुंबांना पिढ्यान् पिढ्या एकच उपदेश केला आहे : कामाला लागा! हा उपदेश मानून एखादी एकटी माता कामाला लागली, तर तिच्या पदरात काय पडते? कामावर जायचे म्हणजे प्रवासखर्च आला, मूल सांभाळणाऱ्याला पैसे देणे आले. पहिली मजुरी हाती पडते ती काही आठवडे राबल्यानंतर. आणि नेमक्या याच वेळी, उत्पन्न वाढले या कारणास्तव, सरकारी साहाय्य तोडले जाते. मालकाने एका हाताने दिलेली मजुरी सरकार दुसऱ्या हाताने काढून घेते. श्रमावर बसवलेला हा दंडच आहे.

या दंडाचा इतिहास बोलका आहे. 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने निराधार मुलांच्या कुटुंबांना रोख साहाय्य सुरू झाले. नागरी हक्कांच्या आणि कल्याण-हक्कांच्या चळवळी जोरात असताना, 1967 च्या दुरुस्तीने काम करणाऱ्या मातेच्या मासिक कमाईतील पहिले 30 डॉलर व उरलेल्या रकमेचा एक-तृतीयांश भाग हिशेबातून वगळण्याची तरतूद झाली. 300 डॉलर कमावणाऱ्या स्त्रीचे 120 डॉलर त्यामुळे कपातीतून वाचत. 1981 मध्ये रेगन सरकारने एक-तृतीयांशाची ही सवलत चार महिन्यांपुरती मर्यादित केली. 1988 च्या कायद्याने साहाय्य सोडणाऱ्या कुटुंबांना वर्षभर वैद्यकीय संरक्षण व बालसंगोपनाची मदत देऊ केली. पुढे 1996 मध्ये क्लिंटन यांच्या सहीने साहाय्याचा हक्कच संपुष्टात आला. केंद्राच्या पैशातून मिळणाऱ्या रोख मदतीवर आयुष्यभरात 60 महिन्यांची मर्यादा आली, आणि राज्यांच्या हाती वर्षाला सुमारे 16.5 अब्ज डॉलरचे ठोक अनुदान ठेवण्यात आले. महागाई वाढत गेली. अनुदानाचा हा आकडा मात्र वाढत्या महागाईशी जोडलेला नव्हता.

नोकरीमुळे यादीतून बाहेर पडणाऱ्या कुटुंबांना काही महिने संक्रमणकालीन रोख साहाय्य द्यावे, ही कल्पना या पार्श्वभूमीवर काही राज्यांनी स्वीकारली. कल्पना योग्य आहे. तिचा अंमल कसा झाला ते पाहा. व्हर्जिनियाच्या योजनेत दरमहा 50 डॉलर, तेही फार तर 12 महिने, अशी रक्कम ठरवण्यात आली. 2009 मध्ये संघराज्याचे किमान वेतन तासाला 7.25 डॉलर ठरले होते. त्या दराने पाहिले तर ही मदत सात तासांच्या मजुरीएवढीही भरत नाही!

त्यातही हेतू निर्मळ नव्हता. मदतीच्या यादीतील किती कुटुंबे कामावर आहेत, याचे प्रमाण राज्यांना केंद्राला दाखवावे लागते. काम करणाऱ्या कुटुंबाला नाममात्र रक्कम देऊन यादीत ठेवले की हे प्रमाण आपोआप सुधारते. हा मार्ग इतका रुळला की 2023 च्या कायद्यात, दरमहा 35 डॉलरपेक्षा कमी मदत घेणारे कुटुंब या हिशेबात धरू नये, असे लिहावे लागले. भुकेल्या घरापेक्षा अहवालातील टक्केवारीची चिंता अधिक, हाच याचा अर्थ.

येथे काही साथी विचारतील : अशी मदत म्हणजे कमी मजुरी देणाऱ्या मालकालाच अनुदान नव्हे काय? आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. 1795 मध्ये इंग्लंडमधील स्पीनहॅमलँड येथे भाकरीच्या भावानुसार शेतमजुरांच्या तुटपुंज्या मजुरीत गरीबनिधीतून भर घालण्याचा निर्णय झाला, आणि मजुरी वाढवण्याच्या जबाबदारीतून जमीनमालकांना पळवाट मिळाली. परंतु 1834 च्या नव्या गरीब कायद्याने त्या मदतीवर कुऱ्हाड घातली, तेव्हा मजुरांच्या वाट्याला न्याय्य मजुरी आली नाही. वर्कहाऊसची दारे आली. मदत तोडल्याने मालक उदार होत नाही, मजूर मात्र लाचार होतो. म्हणून मदत व मजुरी या दोन मागण्या परस्परविरोधी मानणे चुकीचे आहे. त्या एकत्रच मांडल्या पाहिजेत. हातात चार पैसे असलेली माता मालकाची अपमानास्पद अट नाकारू शकते. मालकवर्गाला खरी भीती याचीच वाटते.

हा प्रश्न परक्या देशातला म्हणून सोडून देता येणार नाही. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेची उत्पन्नमर्यादा वर्षानुवर्षे वार्षिक 21,000 रुपये, म्हणजे महिन्याला 1,750 रुपये, एवढीच राहिली. एखाद्या विधवेने धुणीभांडी करून ही रेषा किंचित ओलांडली, तर कागदोपत्री ती निराधार उरत नाही. घरातील चूल मात्र पूर्वीइतकीच थंड असते.

म्हणून आपली भूमिका निःसंदिग्ध असावी. कमाई सुरू होताच मदत एका फटक्यात तोडू नये, ती कमाईच्या प्रमाणात हळूहळू कमी व्हावी. मर्यादा व रक्कम महागाईशी जोडल्या जाव्यात. आणि या सर्वांच्या जोडीला जगण्यापुरत्या किमान वेतनाचा लढा अखंड चालला पाहिजे. संक्रमणाचा काळ कॅलेंडरने ठरवायचा नसतो. मजुरीवर घर चालू लागेल, त्या दिवशी तो संपेल. आणि तो दिवस संघटित श्रमिकच जवळ आणतील.