उतारवयातील कृशीकरण : काटा नव्हे, बल पाहावे

आयुर्वेदीय औषधालयांच्या दर्शनी फडताळात मेदोहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोळ्या, चूर्णे व काढे यांना आज मानाची जागा मिळालेली दिसते. पूर्वी हे कल्प मागणारा ग्राहक बहुधा तरुण किंवा मध्यमवयीन असे. आता साठी ओलांडलेले स्त्रीपुरुषही गुडघेदुखी, मधुमेह अथवा रक्तदाब यांच्या निमित्ताने ‘वजन उतरवायचे आहे, काहीतरी द्या’ अशी मागणी करतात, आणि बहुतेक ठिकाणी ती कोणतीही परीक्षा न होता पुरविली जाते. साठीनंतरचे कृशीकरण हा विक्रीचा विषय नसून चिकित्सेचा विषय आहे आणि त्याचे मोजमाप वजनकाट्याने नव्हे, तर रुग्णाच्या बलाने झाले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यामागील कारणे वैद्यबंधुभगिनींपुढे व औषधविक्रेत्यांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रारंभीच एक गैरसमज दूर करावयास हवा. स्थौल्य निरुपद्रवी आहे, असे आम्हास म्हणावयाचे नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात आठ निंदित पुरुषांमध्ये अतिस्थूलाची गणना केली आणि आयुष्याचा ऱ्हास, दौर्बल्य, अतिक्षुधा इत्यादी आठ दोष त्याच्या ठिकाणी सांगितले. आधुनिक संशोधनही यास पुष्टी देते. गुडघ्याचा संधिवात असलेल्या पंचावन्न वर्षांवरील ४५४ स्थूल व्यक्तींवर अमेरिकेत झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आहारनियमन आणि व्यायाम या दोहोंचा अवलंब करणाऱ्या गटास केवळ व्यायाम करणाऱ्यांपेक्षा वेदनेत अधिक उतार पडला. तेव्हा वाद आहे तो मेद कमी करावा की नाही याविषयी नाही, तर कोणाचा, कोणत्या मार्गाने आणि किती वेगाने कमी करावा याविषयी आहे.

याच एकविसाव्या अध्यायाकडे आपण पुरेशा बारकाईने पाहत नाही. स्थूलाचे लक्षण सांगताना आचार्यांनी भाराचा उल्लेख केलेला नाही. मेद व मांस यांची अतिवृद्धी, उदर, नितंब व स्तन यांची शिथिल हालचाल आणि शरीराच्या पुष्टीच्या मानाने उत्साहाची न्यूनता, ही त्यांची लक्षणे होत. प्रशस्त पुरुष कोण, तर ज्याचे मांस सम प्रमाणात आहे, ज्याचे संहनन दृढ आहे, जो भूक, तहान, ऊन, थंडी व श्रम सोसू शकतो आणि ज्याचा अग्नी सम आहे तो. म्हणजे त्यांची दृष्टी मांसाच्या सारतेवर आणि कार्यक्षमतेवर आहे.

वजनाचा आकडा किती फसवा असतो, याचे सुप्रसिद्ध उदाहरण पुण्याचेच आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरातील मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के होते. काटा दोघांविषयी एकच गोष्ट सांगत होता आणि शरीरे निराळीच गोष्ट सांगत होती. आपल्याकडील वृद्धांमध्ये ही तफावत अधिकच ठळक होते. पोट पुढे आलेले, पण मांड्या व पोटऱ्या सुकलेल्या, असे रुग्ण आपण सर्वच जण नित्य पाहतो.

वयोमानाचा विचार केला की प्रश्न आणखी नाजूक होतो. चरकाचार्यांनी साठ वर्षांनंतर, तर सुश्रुताचार्यांनी सत्तर वर्षांनंतर वार्धक्य मानले आहे. आरंभबिंदूविषयी मतभेद असला, तरी या काळात वायूचे प्राबल्य व धातूंचा क्षय असतो, याविषयी एकवाक्यता आहे. म्हणूनच चरकसंहितेच्या लंघनबृंहणीय अध्यायात, तसेच अष्टांगहृदयातही, बृंहणास योग्य व्यक्तींमध्ये वृद्धांचा समावेश केलेला आहे. स्थूलास अपतर्पण हवे आणि वृद्धास बृंहण हवे. मग जो स्थूलही आहे आणि वृद्धही आहे, त्याचे काय? हाच या विषयाचा कळीचा मुद्दा होय. एकाच शरीरात परस्परविरोधी उपक्रमांची अपेक्षा निर्माण झाली असताना केवळ स्थौल्याकडे पाहून रूक्ष, तीक्ष्ण, लेखन द्रव्यांचा मारा केला, तर मेदाआधी मांसाचा आणि पाठोपाठ बलाचा क्षय होतो व वायू प्रकुपित होतो. वजन पाच किलोंनी उतरल्याचा आनंद कुटुंबीय साजरा करतात. मात्र तोच वृद्ध स्नानगृहात तोल जाऊन पडला आणि खुब्याचे हाड मोडले, तर त्याचा संबंध त्या पाच किलोंशी कोणी जोडत नाही.

वयोपरत्वे होणाऱ्या या मांसक्षयास पाश्चात्त्य वैद्यकात ‘सार्कोपेनिया’ हे नाव १९८९ मध्ये आयर्विन रोझेनबर्ग यांनी सुचविले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात पासष्ट वर्षांवरील १६० स्थूल व्यक्तींची पाहणी करण्यात आली. आहार कमी करून केवळ चालण्यासारखा व्यायाम करणाऱ्यांच्या शरीरातील मेदेतर भाग ५ टक्क्यांनी घटला. वजने उचलण्यासारखा बलवर्धक व्यायाम करणाऱ्या गटात ही घट २ टक्के, तर दोन्ही प्रकार करणाऱ्यांत ३ टक्के होती. आणि शारीरिक कार्यक्षमतेत सर्वाधिक सुधारणा दोन्ही प्रकार करणाऱ्यांत आढळली. बृंहण व अपतर्पण यांचा समन्वय कसा साधावा, याचे उत्तर यात सूचित होते.

२०२५ मध्ये टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड ही वजन उतरविणारी इंजेक्शने भारतात या उपयोगासाठी उपलब्ध झाली. त्यांच्याशी स्पर्धा करणारे ‘नैसर्गिक’ उत्पादन आपल्या शास्त्राने द्यावे, असा आग्रह काही मंडळी धरू लागली आहेत. आम्हास ही स्पर्धाच मुळात चुकीची वाटते. या औषधांनी उतरणाऱ्या वजनातही साधारण पाव हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग मेदेतर असतो, असे त्यांच्या चाचण्यांतून दिसले आहे. काट्याच्या शर्यतीत उतरण्याऐवजी अशा रुग्णांचे मांस व अग्नी यांचे रक्षण करण्याचे जे काम दुर्लक्षित आहे, ते आपण अंगावर घ्यावे. तेथे आपल्या शास्त्रास निश्चित स्थान आहे.

आता औषधांविषयी. नवक गुग्गुळ हा त्रिकटू, त्रिफळा, चित्रक, मुस्ता व विडंग यांनी युक्त असा उत्कृष्ट कल्प आहे. परंतु त्यातील बहुतांश द्रव्ये रूक्ष वा उष्ण आहेत, याचे विस्मरण होऊ नये. सुश्रुताचार्यांनी नवा गुग्गुळ बृंहण करणारा व जुना गुग्गुळ अपकर्षण करणारा सांगितला आहे. बाजारातील किती डब्यांवर गुग्गुळाच्या जुनेपणाची नोंद असते? ज्या भेदावर कार्याची दिशाच पालटते, तो निर्मात्याने न सांगणे आणि आपणही न विचारणे, हे शास्त्रास धरून नाही. कटुकीप्रधान कल्पांनी मलप्रवृत्ती वाढून जी काही शे ग्रॅमची घट दिसते, ती मेदाची नव्हे, हे रुग्णास सांगण्याचे धैर्यही आपण दाखविले पाहिजे.

शिवाय वृद्ध रुग्ण क्वचितच एका औषधावर असतो. गुग्गुळाच्या अर्कामुळे डिल्टियाझेम व प्रोप्रॅनोलॉल या हृद्रोगावरील औषधांचे शोषण घटते, असे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले होते. मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असताना आहार एकाएकी घटविला, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. वजन उतरल्यावर रक्तदाबाची जुनीच मात्रा चालू राहिली, तर उभे राहताच भोवळ येते. ही जोखीम डबा हाती देणाऱ्यास ठाऊक असलीच पाहिजे.

व्यायामाविषयी वाग्भटांचा आधार घेऊन एक आक्षेप घेतला जातो. व्यायाम वर्ज्य करावयाच्या व्यक्तींत त्यांनी वृद्धांचा समावेश केला आहे, हे खरे. परंतु व्यायामाची मर्यादा अर्धशक्ती हीच सांगितलेली आहे आणि ती प्रत्येकाची स्वतःची असते. श्वास तोंडाने घ्यावा लागू लागला की ती मर्यादा आली, असे समजावे. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे, भिंतीला हात टेकून टाचा उचलणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या सावकाश उचलणे, हा मल्लाचा व्यायाम नव्हे. अभ्यंगाची जोड देऊन आठवड्यातून दोन-तीन दिवस तो केल्यास वायूचा प्रकोप तर होत नाहीच, उलट मांसाचे रक्षण होते. वाग्भटांचा निषेध अतिव्यायामाला आहे, असाच अर्थ आम्ही येथे घेतो.

आहाराबाबत तर आपली परंपरा समृद्ध आहे. स्थूलासाठी चरकाचार्यांनी सांगितलेल्या धान्यांत जव आहे, ज्वारी मानले जाणारे जूर्णाह्व आहे, तसेच मूग, कुळीथ व तूर ही द्विदलेही आहेत. भाकरी, मुगाचे वरण, कुळथाचे पिठले, पडवळाची भाजी, आवळा आणि ताक हे जेवण मराठी घरास परके नाही. त्याऐवजी आपले ज्येष्ठ सकाळी गरम पाण्यात मध-लिंबू, दुपारी अर्धी पोळी, रात्री चहा-बिस्किटे आणि आठवड्यातून दोन उपवास, असा क्रम धरतात. उष्ण द्रव्याबरोबर मध घेऊ नये हे शास्त्रवचन तर विसरले जातेच, पण अशा उपवासात साबुदाणा पोटात जातो आणि वरण सुटते. मांसधातूस पोसणारा आहार तोडून मेद पोसणारा आहार राखण्याचा हा प्रकार आहे. तो थांबविणे, ही कोणत्याही गोळीपेक्षा मोठी चिकित्सा होय.

वैद्यांना आमची विनंती अशी की, साठीपुढील रुग्णास मेदोहर चिकित्सा देण्यापूर्वी काही सोप्या परीक्षा कराव्यात. कमरेचा घेर मोजावा. भारतीय तज्ज्ञांच्या २००९ च्या निकषानुसार पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा आहे. पोटरीचा घेर मोजावा. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषानुसार तो पुरुषांत ३४ व स्त्रियांत ३३ सेंटिमीटरहून कमी असल्यास मांसक्षयाची शंका घ्यावी. खुर्चीवरून पाच वेळा उठण्यास १२ सेकंद किंवा अधिक लागत असल्यास आधी बल वाढवावे, मग मेदाकडे वळावे. सहा ते बारा महिन्यांत प्रयत्नाविना पाच टक्क्यांहून अधिक वजन उतरले असेल, तर अभिनंदन न करता मधुमेह, क्षय, कर्करोग, थायरॉइडचे विकार यांचा शोध घ्यावा.

औषधविक्रेत्यांकडून तीनच प्रश्नांची अपेक्षा आहे. वय किती? अन्य कोणती औषधे चालू आहेत? अलीकडे पडणे किंवा भोवळ येणे झाले आहे काय? उत्तरांत शंका आल्यास डबा फडताळातच ठेवून ग्राहकास वैद्याकडे पाठवावे. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत स्थूलतेचा समावेश आहे, हेही ध्यानात असावे. ‘महिन्यात दहा किलो’ अशा फलकास दुकानात जागा देणे शास्त्रासही मान्य नाही आणि कायद्यासही नाही.

याने विक्री घटेल, हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. भाडे, नोकरांचे पगार आणि मुदत संपत आलेला माल यांची चिंता दुकानदारास असतेच. परंतु मेदोहर डबा घेणारा ग्राहक दोन-तीन महिन्यांत निराश होऊन निघून जातो. याउलट ज्या ज्येष्ठास जिना चढता येऊ लागला, बाजारातून पिशवी उचलून आणता येऊ लागली, तो अभ्यंगतेल, च्यवनप्राश आणि सल्ला यांसाठी वर्षानुवर्षे त्याच पायरीवर येतो व शेजाऱ्यालाही आणतो. वैद्याच्या टिपणवहीत वजनाच्या रकान्याशेजारी बलाचा एक रकाना वाढवावा, एवढीच सूचना आम्ही संघटनेच्या सर्व सभासदांपुढे ठेवतो. त्या रकान्यातील नोंद सुधारत असेल, तर वजन दोन किलोंनीच उतरले तरी चिकित्सा सफल झाली, असे निःशंकपणे म्हणावे.