मागचं वजन आणि समोरच्याचे डोळे

चकलांब्याहून गेवराईकडे रात्री मोटारसायकलवर गेलेल्यांना सांगायला नको. समोरून गाडी येते, डोळ्यांपुढे सगळं पांढरं होतं आणि दोन-तीन सेकंद आपण निव्वळ अंदाजाने चालवतो. तेवढ्यात कडेला उसाची बैलगाडी असू शकते, पायी निघालेलं कुणी असू शकतं. आपण ‘अप्पर मारतो’ म्हणून त्या ड्रायव्हरला शिव्या देतो. पण अनेकदा त्याने डिप्परच दिलेला असतो. बिघडलेला असतो तो दिव्याचा कोन.

हिशेब बघा. डिप्परचा झोत साधारण १ टक्का खाली झुकलेला असतो, म्हणजे १० मीटरवर १० सेंटिमीटर. आता वलीम्याहून परतताना मागे चौघं बसले, डिकीत सामान भरलं. अडीच मीटर व्हीलबेसची गाडी मागून साडेचार सेंटिमीटर दबली, तरी तिचं नाक सुमारे १ अंशाने वर होतं. मग ७० सेंटिमीटर उंचीवरच्या दिव्याचा झोत १०० मीटरवर जवळपास दीड मीटर उंच जातो. दुचाकीवाल्याचे डोळे नेमके तिथेच असतात.

ऑटोमॅटिक लेव्हलिंग हेच सावरतं. मागच्या ॲक्सलजवळचा सेन्सर एका दांडीने सस्पेन्शनला जोडलेला असतो. गाडी किती दबली ते तो मोजतो. कंट्रोल युनिट त्यावरून कल काढतं आणि दिव्यातली छोटी मोटर झोत खाली आणते. प्रत्येक खड्ड्याला दिवा नाचू नये म्हणून मोजमापांची सरासरी घेतात. (आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या नजरेने हा अगदी साधा कोड आहे.) महागड्या प्रकारात पुढेही सेन्सर असतो, ब्रेक मारताना गाडी झुकली तरी झोत लगेच सावरतो.

पण ही सोय मिळते कुणाला? संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीत ती सक्तीची झाली ती २००० ल्युमेनहून प्रखर दिव्यांसाठी. साहजिकच ती आधी झेनॉनवाल्या महाग गाड्यांत आली. मला हा निकषच अपुरा वाटतो. वजन सर्वांत जास्त बदलतं ते पिकअपचं, आठ-दहा माणसं कोंबणाऱ्या जीपचं. आपल्याकडे नियम करताना दिव्याच्या प्रखरतेबरोबर गाडीचा भारही धरायला हवा.

तोवर बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांचं छोटं चाक असतंच. आकडा वाढवला की झोत खाली. ते फिरवणारे फार थोडे. उलट आपली पोरं हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी बल्ब बसवतात. रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो; बल्ब बदलला की प्रकाश विखुरतो, झोताची वरची रेघच पुसट होते. मग लेव्हलिंग तरी काय खाली करणार?

एकदा सपाट जागेवर, भिंतीपासून १० मीटरवर गाडी लावा. एकटे बसून डिप्पर द्या. दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली प्रकाशाची रेघ दिसायला हवी. मग चौघांना मागे बसवून तीच रेघ पुन्हा बघा, आणि ती खाली येईपर्यंत चाक फिरवा.