कॅसेटमधला आवाज आणि घरचा संगणक

जळगावच्या एका धान्य व्यापाऱ्याच्या घरी १९९३ सालच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट होती. काही वर्षांपूर्वी ती एका स्टुडिओत देऊन तिची डीव्हीडी करून घेण्यात आली. तीन तासांची कॅसेट पन्नास मिनिटांची होऊन परतली. पडद्याच्या कडेने गुलाबाच्या पाकळ्या झडत होत्या आणि आरंभापासून अखेरपर्यंत चित्रपटगीते वाजत होती. मांडवात उभे राहून आजोबा व्याही मंडळींशी काही बोलत आहेत, त्यांचे ओठ हलत आहेत, एवढे दिसत होते. आवाज पुसून त्या जागी गाणे बसवले होते. डीव्हीडी झाली म्हणून मूळ कॅसेट भंगारात गेली होती. आजोबांच्या आवाजाची दुसरी कोणतीही नोंद घरात नव्हती.

पुढे धुळ्याच्या आत्याबाईंच्या कपाटात आणखी एक कॅसेट सापडली. १९९६ च्या आखाजीला आजींच्या वर्षीतपाचे पारणे झाले, त्या दिवसाची. तीत आजोबा अर्धे मारवाडी, अर्धे अहिराणी अशा आपल्या खास बोलीत पाहुण्यांचे स्वागत करतात, असे आत्याबाईंना पक्के आठवत होते. ही कॅसेट मात्र कोणाच्या हाती न देता घरच्या संगणकावर उतरवायची, असे ठरले. दुकानाचे हिशेब पाहणाऱ्या नातवाने पहिला प्रश्न केला : यासाठी सर्वांत चांगले सॉफ्टवेअर कोणते?

या एका प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेले आहेत. कॅसेटवरील चित्र व आवाज जसाच्या तसा संगणकात टिपून घेणे, म्हणजे कॅप्चर, हे एक काम. टिपलेल्यातून नको ते कापणे, जोडणे, नावे घालणे, म्हणजे संकलन, हे दुसरे. व्यापारी घराला हा भेद समजावून सांगावा लागू नये. कॅप्चर ही रोजकीर्द आहे आणि संकलन हा ताळेबंद. कीर्द शाबूत असेल तर ताळेबंद दहा वेळा नव्याने मांडता येतो. ताळेबंदावरून कीर्द कोणालाही लिहिता येत नाही. त्या स्टुडिओने ताळेबंद दिला आणि घरच्यांनी कीर्द भंगारात घातली.

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने सुमारे ५० किलोमीटरवर मालेगाव आहे. तेथील शेख नासिर यांनी ‘मालेगाव के शोले’ तयार केला, तेव्हा संकलनाला संगणक नव्हता. दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून, एकावर लावायचे आणि दुसऱ्यावर उतरवायचे, असे ते काम चाले. या रीतीत प्रत्येक नकलेबरोबर चित्र थोडे पुसट होते, रंग वाहतात, आवाजात खरखर वाढते. त्याच नासिर यांनी पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’साठी हिरव्या पडद्याची युक्ती वापरून नायकाला आकाशात उडवले, आणि त्या खटाटोपावर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये माहितीपट केला. संगणकाने ही नकलेची झीज थांबवली. एकदा नीट टिपलेल्या फाइलची शंभरावी प्रतही पहिलीसारखीच असते. मात्र टिपतानाच जे सुटले, ते शंभरही प्रतींत सुटलेलेच राहते.

म्हणून सॉफ्टवेअरच्या आधी कॅसेट पाहावी. खान्देशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि कॅसेटी बहुधा माळ्यावर असतात. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती चालवू नये. फीत बिघडतेच, यंत्राचे हेडही खराब होते. सुदैवाने आत्याबाईंची कॅसेट कपाटात होती. व्हीसीआर मिळवणे त्याहून कठीण, कारण ते बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ मध्ये उत्पादन बंद केले. ओळखीपाळखीत विचारून चालू यंत्र मिळवावे आणि ते मिळाले की कॅसेटी उतरवण्याचे काम लांबणीवर टाकू नये.

व्हीसीआरच्या पिवळ्या, पांढऱ्या व लाल वायरी जोडून घेणारे छोटे यूएसबी उपकरण लागते. टिपण्यासाठी ‘ओबीएस स्टुडिओ’ आणि ‘व्हर्च्युअलडब’ ही दोन्ही सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत. ओबीएस शिकायला सोपे, पण आपल्याकडील पाल पद्धतीप्रमाणे ७२० गुणिले ५७६ हा आकार आणि सेकंदाला २५ चित्रे हे त्यात स्वतः ठरवून द्यावे लागते. नाही तर हालचाल अडखळते. फाइल एमकेव्ही प्रकारात साठवावी. मध्येच वीज गेली तरी तोपर्यंतचे टिपलेले हाती राहते. साधी एमपीफोर फाइल अशा वेळी उघडतच नाही, आणि खान्देशात विजेचा भरवसा कोणी द्यावा? व्हर्च्युअलडब जुन्या वळणाचे, दिसायला रुक्ष. परंतु किती चित्रे गळाली याचा आकडा ते समोर दाखवते आणि काहीही न गाळता साठवण्याची सोय देते. अशा साठवणीला तासाला साधारण ३० जीबी जागा जाते. तीन तासांच्या कॅसेटला ९० जीबी म्हणजे आजच्या हार्ड डिस्कच्या मानाने फार नाही. मिनीडीव्ही कॅसेटींचा मार्ग निराळा : त्यांतील नोंद मुळातच अंकीय असल्याने ती फायरवायर जोडणीतून तासाला सुमारे १३ जीबी या हिशेबाने जशीच्या तशी उतरते, फक्त नव्या संगणकांना ती जोडणी नसते.

आधी दहा मिनिटे टिपून पाहावी. स्वस्त उपकरणांत आवाज हळूहळू ओठांच्या मागे पडतो. ही खोड शेवटच्या मिनिटात कळते.

संकलनाच्या बाबतीत इतके जपण्याचे कारण नाही; आवडले नाही तर सॉफ्टवेअर बदलता येते. पुष्कळांच्या हातात बसलेले ‘विंडोज मूव्ही मेकर’ २०१७ मध्ये बंद झाले. विंडोज ११ बरोबर येणारे ‘क्लिपचॅम्प’ साध्या कामाला पुरते. ‘शॉटकट’ विनामूल्य असून बेताच्या संगणकावरही चालते. ‘दाविंची रिझॉल्व्ह’ची विनामूल्य आवृत्ती चित्रपटाच्या दर्जाची आहे, पण तिला १६ जीबी रॅम व वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेले बरे, दुकानातल्या संगणकाचा तिच्यापुढे दम लागतो. कोणतेही घेण्यापूर्वी त्यात ‘धर्मपत्नी’ हा शब्द लिहून पाहावा. रफार किंवा जोडाक्षर तुटले तर नावांसाठी ते निरुपयोगी.

अॅडोबने २०१३ पासून नव्या आवृत्त्यांसाठी एकरकमी विक्रीऐवजी वर्गणीची पद्धत आणली. लग्नांचे चित्रीकरण हा ज्याचा धंदा, त्याला ती वर्गणी परवडते. चार कॅसेटींसाठी ती भरत राहणे हे व्याजाने पैसे काढून बँकेत ठेवण्यासारखे आहे. आणि मित्राकडून आणलेली चोरीची प्रत? ती बसवताना बहुधा आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगितले जाते. त्याच संगणकावर टॅली आहे, जीएसटीची विवरणपत्रे आहेत, नेट बँकिंग आहे. अचौर्याचा विचार बाजूला ठेवला तरी हा व्यवहार तोट्याचाच.

नातवाने टिपण्यासाठी व्हर्च्युअलडब निवडले, संकलनासाठी शॉटकट. पावणेदोन तासांच्या सुमारास फितीला घडी पडलेली होती. तेथे चित्र हलते, आडव्या रेघा येतात. नेमके तेथेच आजोबा बोलायला उभे राहतात. आवाज मात्र स्वच्छ उतरला. ते पाहुण्यांना उसाचा रस घेतल्याशिवाय जाऊ नका असे सांगतात आणि मध्येच कोणाला तरी पंखा इकडे वळव म्हणून दटावतात.

नातेवाइकांसाठी बारा मिनिटांची एक प्रत निघाली. रेघा येतात तेवढा भाग कापावा की कसे, यावर घरात दोन मते पडली. आत्याबाईंनी धुळ्याहून फोनवर सांगितले की रेघा राहू द्या, गाणे तेवढे घालू नका. मूळ फाइलच्या दोन प्रती झाल्या. एक डिस्क जळगावला दुकानाच्या तिजोरीत आहे, दुसरी धुळ्याला आत्याबाईंच्या त्याच कपाटात, कॅसेटच्या शेजारी.