खानदेश फारुकींच्याही आधीचा



'खानदेशाचा इतिहास थाळनेरच्या फारुकींपासूनच' हे आपल्या पत्रलेखकाचं विधान वाचून राहवलं नाही. फारुकी घराणं आलं १४व्या शतकाच्या अखेरीस. गिरणाकाठचं बहाळ त्याच्या सुमारे तीन हजार वर्षं आधी नांदत होतं! तिथल्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, मी लहानपणापासून फिरतोय. पाऊस पडून गेला की मातीतून खापरं उघडी पडतात. एकावर काळ्या रंगाची रेघ अजून ताजी दिसते. तापीकाठच्या सावळद्याचं नाव तर एका अख्ख्या संस्कृतीला मिळालंय. चाळीसगावजवळच्या पाटण्यात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले, ते हजारो वर्षं आणखी मागचे, अश्मयुगातले.

याच पत्रात भिल्लांना 'इतिहासाबाहेरचे' म्हटलंय. हे फार लागलं. सावळदा संस्कृतीची खापरं प्रवरेकाठच्या दायमाबादलाही मिळतात. तिथला हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ हा प्रसिद्ध ब्राँझचा ठेवा १९७४ साली झाडाची मुळं खणताना एका भिल्ल शेतकऱ्याच्याच हाती लागला. साम्राज्यांच्या यादीत ज्यांचे राजे नाहीत, त्यांना इतिहासही नाही, असं मानायचं का? धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. लेखकांनी तिथे एक दुपार जरूर घालवावी.

— एक वाचक, चाळीसगाव