मुनीमजींना कळेल असा मसुदा

संगणक आला की पेढीचा कारभार आपोआप सुधारतो, असा भाबडा समज आपल्या वाणिज्य शाखेतही आढळतो. माझ्या मते खरे महत्त्व यंत्राआधीच्या कागदाला आहे. पेढीला सॉफ्टवेअरकडून नेमके काय हवे, हे सांगणारा तो मागण्यांचा मसुदा.

इंदूरच्या सियागंजचे उदाहरण घेऊ. रेल्वे स्टेशनजवळची ही किराणा व सुक्या मेव्याची घाऊक पेठ. माझे मामा तेथील एका पेढीवर हिशेब पाहतात. 22 सप्टेंबर 2025 पासून बदाम-पिस्त्यांवरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. ‘दर बदलता यावा’ एवढे लिहून भागेल काय? 20 तारखेला विकलेला माल 25 तारखेला परत आला, तर क्रेडिट नोट मूळ बिलाच्या 12 टक्क्यांनीच निघायला हवी. म्हणजे दर तारखेशी बांधावा लागतो, आणि क्रेडिट नोट मूळ बिलाशी. मुनीमजींना हे सहज ठाऊक असते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ते कोठून जाणावे?

मामांच्या पेढीसाठी आलेल्या मसुद्यात ‘उधारी चटकन दिसावी’ असे वाक्य होते. चटकन म्हणजे किती? आणि कोणती उधारी? ‘ग्राहकाचे नाव घालताच त्याची न फिटलेली बिले तारीखवार दिसावीत’ असे लिहिले, तर ते तपासता येते. मागणी निःसंदिग्ध व पडताळण्याजोगी असावी, हे आयट्रिपलई संस्थेच्या 830 क्रमांकाच्या मानकाने 1984 मध्येच सांगून ठेवले आहे.

कोणी म्हणेल, लिहीत बसण्यापेक्षा काम सुरू करावे, बदल मागाहून करता येतील. बदल होणारच, पण मूळ ठराव कागदावर नसेल, तर बदलाचे पैसे कोणी द्यायचे यावर तंटा ठरलेला. खातेवहीत आपण खाडाखोड करीत नाही, चूक दुसऱ्या नोंदीने दुरुस्त करतो. तोच नियम येथे लावावा. प्रत्येक मागणीला क्रमांक द्यावा. ती कोणाची, केव्हा व का बदलली, याची नोंद ठेवावी.

शेवटचा मुद्दा भाषेचा. तो मसुदा सबंध इंग्रजीत होता, आणि मुनीमजींचा व्यवहार हिंदी-मराठीत. न वाचता केलेल्या सहीला काय अर्थ? ज्या मासिकात मराठी व कन्नड शेजारी नांदतात, त्याच्या वाचकांना दोन भाषांमधील हे काम परके वाटू नये. प्राध्यापकांना विनंती, की हिशेबाच्या प्रात्यक्षिकांत एका दुकानाचा असा मसुदा लिहून घ्यावा, आणि त्याला गुण दुकानदाराला तो कळला की नाही यावर द्यावेत.