गुणांकनाचे गणित अर्धे गुलदस्त्यात

अहिल्यानगर : संगमनेर, श्रीरामपूर वा नगर शहरात घरबसल्या परदेशी ग्राहकाचे संकेतस्थळ घडविणाऱ्या तरुणाची पत आता एका टक्केवारीवर ठरते. 'अपवर्क' या संकेतस्थळावरील 'जॉब सक्सेस स्कोअर' हे त्याचे ठळक उदाहरण. यशस्वी कामांतून अयशस्वी कामे वजा करायची आणि उरलेल्या संख्येला एकूण कामांनी भागायचे, हे त्याचे मूळ सूत्र. दहापैकी नऊ कामे उत्तम झाली आणि एक फसले, तरी हाती ८० टक्केच उरतात! 'टॉप रेटेड' बिल्ल्यासाठी मात्र किमान ९० टक्के लागतात.

खरी मेख पुढेच आहे. ग्राहकाने उघडपणे दिलेल्या ताऱ्यांखेरीज कंपनीला खासगीत कळविलेले मतही या गणितात धरले जाते. ग्राहकाने निःसंकोच बोलावे, हा त्यामागील हेतू गैर नाही. परंतु, पाच तारे मिळूनही गुण घसरले, तर कारण कळत नाही. मग खुलासा तरी कशाचा करणार? शिवाय, कमावलेली पत दुसऱ्या संकेतस्थळावर नेता येत नाही.

केंद्राच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगाराला ओळख दिली; गुणांकनाबाबत मात्र ती मौन बाळगते. युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशात खाते रोखण्यासारख्या स्वयंचलित निर्णयाचे लेखी स्पष्टीकरण देणे बंधनकारक केले आहे. १९६९ मध्ये माथाडी कायदा करून हमालांच्या श्रमाला संरक्षण देणाऱ्या महाराष्ट्राने या नव्या श्रमिकाला निदान आपले गुण तपासून पाहण्याचा हक्क तरी द्यायला हवा.