संगणक भंगारात घालण्यापूर्वी

आमची खराडी १९९७ साली पुणे महापालिकेत गेली. त्याआधी ती हवेली तालुक्यातली साधी ग्रामपंचायत. मुळा-मुठेच्या काठची जमीन एमआयडीसीच्या नॉलेज पार्कला गेली, झेन्सार आली, पाठोपाठ इऑनच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. आता नगर रस्त्याला उभे राहिले की दोन गोष्टी हमखास दिसतात. एक, कार्ड गळ्यात अडकवून जाणारी पोरे. दुसरी, भंगाराच्या टेम्पोत एकावर एक रचलेले संगणकाचे डबे.

हे डबे मोडलेले असतात म्हणून जात नाहीत, हे मला गेल्या दिवाळीपर्यंत ठाऊक नव्हते. माझी बहीण शिरूर तालुक्यात दिली आहे. तिचा थोरला इथेच खराडीत कंपनीत आहे, माझ्याकडेच राहतो. तो म्हणाला, “मामा, यंत्र ठणठणीत आहे. फक्त विंडोज टेनची मुदत संपली.” १४ ऑक्टोबर २०२५ ला कंपनीने त्या विंडोजच्या फुकट दुरुस्त्या थांबवल्या. घरगुती गिऱ्हाइकाने नाव नोंदवले तर एक वर्ष वाढीव, एवढीच सवलत. पुढची अकरा नंबरची विंडोज घ्यावी, तर तिला यंत्रात टीपीएम नावाची सुरक्षेची सोय दोन नंबरचीच लागते, प्रोसेसरही ठरावीक सालानंतरचाच. म्हणजे बैल धडधाकट आहे, पण नवे जू त्याच्या मानेला बसत नाही, तर बैलच खाटकाला!

बहिणीच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत याहून वाईट तऱ्हा. तिथे पाच संगणक. त्यांच्यावर विंडोज सात, जी २०२० च्या जानेवारीतच बाद झाली. वर धुळीसाठी घातलेल्या झाकण्या, आणि झाकण्यांवर धूळ. दुरुस्तीवाला येऊन “नवे घ्या” म्हणून गेला. कागद वर पाठवला, तो वरच राहिला. पोरांना संगणक शिकवतात कसा, तर फळ्यावर चित्र काढून.

भाच्याने यावर तोड काढली ती लिनक्सची. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने सुरू केलेली ही प्रणाली. फुकट मिळते, उघडून बघता येते, आपल्याला हवी तशी बदलता येते. बदलता येते हाच खरा मुद्दा. तो रविवारी बसला आणि एका पेन ड्राइव्हवर आख्खी प्रणाली तयार केली. तिच्यात मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कळफलक घातला, लोहित देवनागरी हा टंक घातला, पत्रे-हिशेबासाठी लिब्रेऑफिस घातले, बालभारतीची पुस्तके पीडीएफ करून ठेवली, आणि किविक्स नावाच्या सोयीने मराठी विकिपीडिया नेटशिवाय वाचता येईल असा ठेवला. लोहित टंक रेड हॅट या कंपनीने खुला केला आणि त्यावर काम करणारी माणसे पुण्यातच बसत होती. म्हणजे सातासमुद्रापारचे काही आणले नाही हो.

ही काडी यंत्राला लावायची, सुरू करताना एफ १२ किंवा एफ ९ दाबायचे (यंत्रागणिक बटण वेगळे) आणि काडीवरून चालू कर म्हणायचे. आतली डिस्क बिघडलेली असो की नसो, तिला हात लागत नाही. मुलाने केलेले काम काडीवरच राहते. काडी काढली की यंत्र जसेच्या तसे. बत्तीस जीबीची काडी पुरते. किंमत दोन गोणी युरियाच्या आतबाहेर.

ऐकायला सोपे वाटले ना? मलाही वाटले. पहिल्या खेपेला आम्ही शाळेतच तोंडघशी पडलो. भाच्याने एका काडीवरून दुसऱ्या काडीवर प्रणाली बसवली, पण यंत्र सुरू करून देणारा जो छोटा तुकडा असतो, ज्याला बूटलोडर म्हणतात, तो काडीऐवजी शाळेच्या डिस्कवर जाऊन बसला. काडी काढल्यावर काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढी अक्षरे. मुख्याध्यापकबाई आमच्याकडे बघताहेत, आम्ही पडद्याकडे. होते ते चालवायला आलो आणि होते तेही घालवले! जुन्या विंडोजची तबकडी शोधून ते पूर्वपदावर आणायला संध्याकाळ झाली. तेव्हापासून नियम केला: काडीवर प्रणाली बसवायची ती आपल्या घरी, आणि त्या वेळी आतल्या डिस्कची वायर काढून ठेवायची. वायर काढलीच नाही तर चूक होण्याला जागा राहते.

दुसरे शहाणपण असे, की प्रत्येक काडी पहिल्यापासून तयार करत बसू नये. एकच नीट सजवायची आणि तिची प्रतिमा काढून बाकीच्यांवर उतरवायची. एमएक्स लिनक्समध्ये त्यासाठी ‘स्नॅपशॉट’ नावाचे हत्यारच आहे. प्रतिमा घरी जपून ठेवावी, कारण स्वस्तातली काडी सतत लिहून-खोडून लवकर मरते. बाजारात वर बत्तीस लिहिलेल्या आणि आत आठच असलेल्या काड्याही विकतात, तेव्हा ओळखीच्या दुकानातूनच घ्यावी. आणि अगदी जुनी, ३२ बिटची यंत्रे असतील तर प्रणाली निवडताना जपून. डेबियनने ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत त्यांची साथ सोडली.

सगळेच काही यावर होते असे मी म्हणणार नाही. पतसंस्थेचे टॅली विंडोजसाठीच आहे. सेवा केंद्रातले अंगठा घेणारे यंत्र, सहीची डिजिटल किल्ली, यांचे घोडे ड्रायव्हरपाशी अडते. जुने ठराव कृतिदेव नाहीतर श्रीलिपीत टाइप केलेले असले तर पडद्यावर किडेमुंग्या दिसतात. अर्थात तो टंक नसेल तर नव्या विंडोजवरही किडेमुंग्याच दिसणार, त्याचे खापर लिनक्सवर फोडू नये. पण शाळेला यातले काय लागते? मुलांना लिहायचे आहे, वाचायचे आहे, चित्र काढायचे आहे, गणित घालायचे आहे.

आणि हे महाराष्ट्राला नवे आहे असेही नाही. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत मुलांना हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप दिले होते. ‘एक मूल, एक लॅपटॉप’ या जगभरच्या योजनेतले ते भारतातले पहिलेवहिले. त्यांच्यात लिनक्सच होते, आणि मुलांसाठी केलेली ‘शुगर’ नावाची मांडणी. पुढे २००९ मध्ये हीच शुगर एक जीबीच्या काडीवर मिळू लागली, म्हणजे लॅपटॉप विकत घेण्याचीही गरज उरली नाही. त्या गोष्टीला किती वर्षे झाली ते मोजा. केरळने तर सरकारी शाळांसाठी स्वतःची लिनक्स बांधून घेतली, मल्याळमसकट, आणि तिथे ती राज्याची संस्था सांभाळते. आपल्याकडे सी-डॅक पुण्यातच १९८८ साली निघाली, त्यांची ‘बॉस’ लिनक्सही आहे. तरी झेडपीच्या शाळेत गेलो की झाकणीखालची विंडोज सातच.

माझे खराडीतल्या कंपन्यांकडे देणगीचे मागणे नाही. टेम्पोत जाणारी यंत्रे, आतली डिस्क काढून घेऊन, शाळांना द्या. तुमचा कंपनीचा मजकूर डिस्कबरोबर तुमच्याकडेच राहील, काडीला डिस्क लागतच नाही. आणि झेडपीला एवढेच सांगणे, की शाळेत काडी लावायला परवानगी देणारे एक पत्रक काढा. आज मुख्याध्यापक भितात. उद्या यंत्र बिघडले तर वसुली कोणाच्या पगारातून, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे, आणि आमच्या पहिल्या खेपेनंतर तर जास्तच.

बहिणीच्या गावात पाचांपैकी तीन यंत्रे चालू झाली. चौथ्याची रॅम गेलेली, पाचव्यात उंदरांनी घर केले होते. तीन यंत्रांवर पाळीपाळीने सातवीची पोरे बसतात, प्रत्येकाची काडी निराळी, दोऱ्यात ओवून गळ्यात घातलेली. भाचा म्हणतो, आता आमच्या कंपनीतल्यासारखीच दिसतात. बाईंनी मात्र काड्या घरी न्यायला बंदी केली आहे, आणि शनिवारी त्या मोजून कपाटात ठेवतात.